पुनवेची फायनल

जनार्दनने आम्हाला फसवलं. आम्हाला म्हणजे पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावच्या फुटबॉल संघाला, आणि सगळ्यात जास्त मला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. माझा राग जुना आहे, आणि धंद्यात गिऱ्हाइकासमोर तो बाजूला ठेवायची मला सवय आहे. आजही तो बाजूला ठेवूनच बसलो आहे. गेल्या आठवड्यात रोह्याहून एक पोरगा गुळगुळीत कागदाचं आमंत्रण घेऊन गोदामात आला. जनार्दनचा सत्कार आहे. आमच्या भागात फुटबॉल रुजवला म्हणून त्याला शाल देणार आहेत, आणि त्याचा जुना सोबती म्हणून मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. दोन शब्दांत हे मावणार नाही. म्हणून आधी कागदावर उतरवतो.

आमचं घर गावाच्या अगदी शेवटी, मिठागराच्या तोंडाशी होतं. पुढच्या दारातून पाहिलं तर मिठाचे पांढरे ढीग आणि मागच्या दारातून दुसऱ्यांची भातशेतं. आमची स्वतःची शेती नव्हती. बाबा मिठागरात कामाला, आणि आय उन्हाळ्यात पेणला एका व्यापाऱ्याकडे पोह्याचे पापड लाटायला जायची. संध्याकाळी ती परत आली की तिच्या अंगाला पापडखाराचा आणि हिंगाचा वास यायचा. पदराला गाठ मारून पापडाच्या लाट्या आणलेल्या असायच्या. त्या तेलात बुडवून खाल्ल्या की तोंड जरा चुरचुरायचं. नाहीतर जेवण ठरलेलं, तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि भरती ओसरल्यावर चिखलात मिळाले तर निवटे मासे. बाबा जेवताना बोलत नसत. जेवून झालं की दारात बसून पायाला खोबरेल चोळत. मिठाच्या पाण्याने त्यांच्या टाचांना भेगा पडलेल्या असत आणि तेल त्यांत शिरलं की ते दातांतून श्वास ओढत. लहानपणीच्या घरातला तेवढा एक आवाज मला अजून स्पष्ट ऐकू येतो. दुसरा आवाज लाकडी फावड्याचा. पहाटेपासून बाहेर कोणी तरी मीठ ओढत असे आणि तो आवाज ऐकत मी पडून राहत असे.

मी फुटबॉलकडे वळलो ते आगर तुडवण्यातून. हे सांगितलं की आजची पोरं हसतात, पण तसंच आहे. पावसाळा संपला की मिठागराचे कप्पे चिखलाने भरलेले असतात. त्यांचा तळ घट्ट झाला नाही तर आत घेतलेलं खारं पाणी जमिनीत मुरतं आणि मीठ धरत नाही. म्हणून तळ पायांनी तुडवायचा. ओळीने माणसं उभी राहतात आणि टाचा हाणत पुढे सरकतात. अनवाणीच, कारण चपलेचा वळ उठला की तिथे पाणी साचतं. आम्ही गावातली पोरं त्या तळांवर चिंध्यांचा चेंडू खेळायला जायचो, कारण एवढी सपाट जागा गावात दुसरी नव्हती. हिरू मुकादम आम्हाला हाकलायचा. एकदा मात्र तो हाकलायला आला आणि हाकलता हाकलता थांबला. खाली वाकून त्याने चिखलात अंगठा दाबून पाहिला.

"ए पोरांनो," तो म्हणाला, "नाचताव तर नीट नाचा. मधीच सगले गोला व्हताव. त्यो कोपरा काय तुमच्या बापानी तुडवाचा?"

मी तेव्हा दहावी नापास होऊन घरी बसलो होतो. पण समोरच्याला काय हवं आहे हे मला तेव्हाही लगेच कळायचं. मी पुढे झालो. "मुकादम, कोपरा तुडवताव. बॉल तुमी द्या."

"बॉल? मिठाचा करून देऊ?"

"पेणच्या दुकानात चामड्याचा हाय. त्यो द्या. बदल्यात सगला आगर तुडवून देताव. एक बी रोजाचा मानूस लावू नका."

"आनि बॉल घेऊन पलालाव तर?"

"पलून जाताव कुठं? बापूस तुमच्याच आगरान हाय."

तो हसला नाही, पण चेंडू आला. त्यानंतर दर वर्षी पावसाळा सरला की आमचे सामने मिठागरात सुरू व्हायचे. हिरू मुकादम बांधावर छत्री टेकून उभा राहायचा आणि कोणत्या कोपऱ्यात पाय पडले नाहीत ते ओरडून सांगायचा. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं. पण त्याच्यामुळे आम्ही कडेकडेने पळायला शिकलो. मैदानाच्या मध्ये घोळका करायचा नाही, चेंडू कोपऱ्यात न्यायचा आणि तिथून आत मारायचा, ही आमची पद्धत मुकादमाच्या ओरड्यातून तयार झाली. पुढे पेणच्या शाळेच्या मैदानावर आम्ही पहिल्यांदा बुटवाल्या पोरांविरुद्ध खेळलो, तेव्हा ती पोरं मध्येच उभी राहून आमची वाट बघत होती. आम्ही कडेने गेलो. मला आठवतं, कोरड्या मैदानावर पाय एवढे हलके वाटत होते की पहिली काही मिनिटं मला माझ्या वेगाची भीती वाटली. चिखलातून पाय उपसून काढायची सवय असलेल्या माणसाला कोरडी जमीन म्हणजे चैन.

जनार्दन आमचा गोलकीपर होता. त्याचा बाप गावाची उघाडी सांभाळायचा. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध असतो आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधाला दार ठेवलेलं असतं. ती उघाडी. भरती कधी, ओहोटी कधी, दार कधी पाडायचं आणि कधी उचलायचं, हे ज्याला झोपेतही कळतं त्याच्याकडेच हे काम असतं. जनार्दन लहानपणापासून बापाबरोबर तिथे बसायचा. चेंडू कुठून येणार हे त्याला आधी दिसायचं, कदाचित त्या बसण्यातूनच. तो मोजकं बोलायचा. मी भांडायचो आणि तो मागे उभा राहायचा. पंचाशी माझी जुंपली की तो माझ्या सदऱ्याला मागून धरायचा. आयला तो फार आवडायचा. "तुज्यापेक्सा त्यो शाना हाय," ती मला सांगायची आणि निवट्याच्या कालवणातला मोठा निवटा त्याच्या ताटात टाकायची.

आमचा संघ झाला तेव्हा खेळाडूही मीच होतो आणि मॅनेजरही मीच. मॅनेजर हा शब्द मी पेणला ऐकला आणि घेऊन टाकला. काम काय असतं ते मला कोणी सांगितलं नाही, मी करत गेलो. एसटीच्या ड्रायव्हरला पटवून संघ टपावर बसवून नेला आहे. गणपतीच्या कारखान्यात उरलेला रंग मागून आणून बनियनांवर नंबर काढले आहेत. मुरूड, नागोठणं, अलिबाग, जिथे सामने असतील तिथे गेलो, आणि जिथे आम्हाला घेणार नाही म्हणाले तिथे दारात बसून राहिलो, घेईपर्यंत. कोणाला कुठे उभं करायचं, दमलेल्याला कधी बसवायचं, समोरच्या संघातला कोणता पोरगा डाव्या पायाने लंगडा आहे, हे मला मैदानाबाहेरूनच दिसायचं. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्या दिवसांत मी जेवढा कामाचा होतो तेवढा पुन्हा कधीच नव्हतो. नंतर मी भंगारात पैसा केला, गोदाम बांधलं, पण भंगार ओळखण्यात ती मजा नाही.

मग जनार्दनला रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत नोकरी लागली. तो आयटीआय झालेला होता. जायच्या दिवशी तो आमच्या घरी आला, आयच्या पाया पडला, आणि मला म्हणाला, "बाल्या, मना एकदा पाय रोवू दे तिकरं. मग तुना घेतंय." पहिलं वर्षभर तो रविवारी यायचा. पुढे शिफ्टचं कारण सांगू लागला. मग कळलं की कंपनीने फुटबॉलचा संघ काढला आहे आणि जनार्दन त्याचा मॅनेजर झाला आहे. त्याच्या संघाचा एक सामना मी नागोठण्याला पाहिला. पोरं कडेने पळत होती, कोपऱ्यातून चेंडू आत मारत होती. हिरू मुकादमाचा खेळ बूट घालून चालला होता. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. म्हटलं, ओळखीचं कोणी तरी तिकडे आहे.

त्याच कंपनीने रोह्याला कुंडलिकेच्या काठच्या मैदानावर एक कप भरवला. आम्ही त्यात उतरलो आणि जिंकत गेलो. उपांत्य सामन्यानंतर कंपनीचा मोठा साहेब मैदानात आला. गोरा, उंच, पुण्याकडचा माणूस. त्याने माझा हात हातात घेतला. माझे पाय बघितले. अनवाणी, चिखलाने माखलेले. म्हणाला, "तुम्हीच मॅनेजर? आणि खेळताही?" मी हो म्हटलं. तो जनार्दनकडे वळला आणि म्हणाला, "हा माणूस आपल्याकडे हवा होता." मग त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की फायनलमध्ये आम्ही कंपनीच्या संघाला हरवलं, तर आमच्यातल्या चांगल्या पोरांना तो कंपनीत कायम करून घेईल, आणि संघ कोणी चालवायचा याचाही तेव्हा विचार करू. मी जनार्दनकडे बघून हसलो. तोही हसला. तेव्हा मला ते साधं हसू वाटलं.

फायनल पुढच्या रविवारी होती. गुरुवारी निरोप आला की साहेब मुंबईला गेले आहेत, दिवस नंतर कळवू. आम्ही थांबलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी, धाटावला शिफ्टला जाणारा शेजारच्या गावचा एक माणूस एसटीतून उतरला आणि मला म्हणाला, "जनार्दननी सांगितलाय, फायनल उद्या हाय, दुपारची." मी पळतच गावात गेलो. संघ बांधावर बसलेला होता, सगळे एका ठिकाणी, आणि मला वाटलं किती बरं झालं, शोधत फिरायला नको. मग लक्षात आलं की ते तिथे का बसले आहेत.

दिवाळी होऊन गेली होती. शेतातलं भात कापून आडवं पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुनव होती. पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण येतं आणि भर दुपारी पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढतं. बांध कुठे खचला आणि खारं पाणी आत शिरलं तर कापलेलं भात तर जातंच, वर जमीन पुढची काही वर्षं पीक देत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे. भात शेतात असताना उधाणाच्या दिवशी जमीन असलेल्या प्रत्येक घराने एक धडधाकट माणूस बांधावर द्यायचा. पाणी ओसरेपर्यंत त्याने हलायचं नाही. जो माणूस देत नाही त्याच्या शेतासमोर बांध फुटला तर गाव हात लावत नाही. त्या वर्षी पावसाने बांध दोन-तीन ठिकाणी पोखरला होता आणि म्हातारे आधीच घाबरलेले होते. घरटी धडधाकट माणूस म्हणजे आमचा संघच. आमच्या गावात पळता येणारे तेवढेच होते.

धर्मा आमचा सगळ्यात वेगवान खेळाडू. मी आधी त्याच्याकडे गेलो.

"उद्या?" तो म्हणाला. "उद्या कसा जमल? पुनव हाय."

"सात जन तरी चला. सात असले की खेलाला उभा करतान."

"आनि बांधाला कोन उभा रावल? माजा बापूस? त्याना उठाला येत नाय."

"धर्मा, नोकरीचा सवाल हाय. कायमची नोकरी."

"मना नोकरी लागल रं, पन घरचा भात गेला तर वर्सभर खावाचा काय? तुजा कप?"

मी बोलत राहिलो. सौदा करायला मी कोणासमोरही बसू शकतो. मी म्हटलं, माझे बाबा बांधावर उभे राहतील, मी मिठागरातली माणसं आणतो, एकाच्या बदल्यात दोन देतो. एक म्हातारा मागून म्हणाला की मिठागराची माणसं स्वतःचं शेत नसताना बांध कशाला राखतील, पाणी आलं की पहिली तीच पळतील. मग मी तोंड सोडलं. त्या सगळ्यांना मी काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. धर्माने ऐकून घेतलं आणि शेवटी शांतपणे म्हणाला, "तुजा काय जातंय बाल्या? तुज्या शेतान पानी शिरनार हाय काय?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. खरं तेच बोलला. पण मी ज्या संघाचा मॅनेजर होतो त्या संघात एकटाच बिनजमिनीचा आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कधी दिसलं नव्हतं.

सकाळी आयने भाकऱ्या बांधून दिल्या. "सगल्यांना पुरतील का रं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. बाबा दारात बसले होते. ते म्हणाले, "ज्यांचा बांध त्यांनी राखावा. तू थांबून काय करशील? जा." एवढं ते एका दमात क्वचितच बोलत. मी चेंडू काखेत घेतला आणि एसटीने रोह्याला गेलो. माझा हिशोब असा होता की उशिरा का होईना, पाणी ओसरलं की काही पोरं निघतील, तोपर्यंत मी पंचाला बोलण्यात गुंतवून ठेवीन.

मैदानावर कापडी कमान लावली होती आणि टेबलावर कप ठेवला होता. कपाला आधीच हार घातलेला होता. कंपनीचा संघ एका झाडाखाली डबे उघडून बसला होता. नेहमीची बरीच तोंडं त्यात दिसत नव्हती. त्यांचा गोलकीपर कंपनीच्या खाकी कपड्यांतच होता आणि त्याच्या पायात फॅक्टरीतले पुढून लोखंडी टोपी असलेले जाड बूट होते. ते मी पाहिलं आणि तेव्हा त्याचा काही विचार केला नाही. जनार्दन उठून माझ्याकडे आला. मी तोंड उघडायच्या आधी त्याने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं, आणि हळूच, गावाकडच्या आवाजात विचारलं,

"पानी लागला काय रं बांधाला?"

मी म्हटलं, "मी निघालो तवा नव्हता."

"बरा झाला," तो म्हणाला आणि डबा खायला परत गेला.

पंच रोह्याचे एक मास्तर होते. मी त्यांच्याशी जेवढं बोललो तेवढं आयुष्यात कोणाशी बोललो नसेन. सामना संध्याकाळी घ्या म्हटलं. पुढच्या रविवारी घ्या म्हटलं. मला एकट्याला सुरुवात करू द्या, बाकीचे येतील तसे आत येतील, हेही म्हटलं. मास्तर भले होते. ते म्हणत राहिले, "अरे बाबा, सात लागतात. नियम आहे. मी काय करू?" माझ्या हातात त्यांना द्यायला काही नव्हतं आणि काही नसताना सौदा होत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. मग मी जाऊन मध्यावर उभा राहिलो. चेंडू पायाशी ठेवला. ऊन डोक्यावर होतं. नदीवर कोणी तरी कपडे धूत होतं आणि धोपटण्याचा आवाज थोडा उशिरा पोचत होता. समोर कंपनीचे सात जण येऊन उभे राहिले, त्यांतला गोलकीपर त्या लोखंडी बुटांत. माझ्या मागे आमचं अर्धं मैदान पूर्ण रिकामं होतं. मी एकदाच वळून बघितलं. आमच्या गोलच्या खांबांमधून पलीकडचा रस्ता दिसत होता आणि त्या रस्त्याने कोणीच येत नव्हतं. मास्तरांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, आणि शिट्टी वाजवली.

साहेब उशिरा आला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. कप देताना त्याने जनार्दनला विचारलं, "काय झालं? आले का नाहीत हे लोक?" मी तिथेच होतो, टेबलाच्या या बाजूला. जनार्दनने साहेबाकडे बघून, स्वच्छ शाळेच्या मराठीत उत्तर दिलं, "गावाकडची मुलं आहेत साहेब. एवढं मनावर घेत नाहीत." साहेबाने मान हलवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत बसून गेला. मी टेबलावरून उडी मारून जनार्दनची गचांडी धरली. चार माणसांनी मला सोडवलं. त्यामुळे साहेबाला नंतर माझ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला जनार्दनला मिळाली असणार.

परतीच्या एसटीत मी आयच्या सगळ्या भाकऱ्या मांडीवर घेऊन बसलो होतो. एक खाल्ली, बाकीच्या शेजारच्या बाईच्या पोरांना दिल्या. गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाणी कधीच ओसरलं होतं. बांध फुटला नव्हता. संघ बांधावरच बसला होता, कोणी तरी भाजलेली चिंबोरी फोडत होतं. धर्मा म्हणाला, "काय रं, काय झाला?" मी तडक घरी गेलो. नंतर मीच सांगितलं, जनार्दन साहेबाला काय म्हणाला तेही. ते हळहळले. पण त्यांचं भात घरात आलं आणि पुढच्या वर्षी बघू असं ते म्हणू लागले. पुढच्या वर्षी कप झाला नाही. धर्माच्या लग्नात जनार्दन आला आणि सगळे त्याच्याभोवती बसले. त्याने सगळ्यांना सांगितलं की दिवस साहेबाने ठरवला होता, उधाणाचं त्याच्या ध्यानातच आलं नाही, शिफ्टमध्ये माणूस पुनव-अवस विसरतो. त्यांना ते पटलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मी एकटा जेवत होतो. तेव्हापासून त्या रागाला माझ्याशिवाय कोणी वाली नाही.

पुढे मी धाटावच्या कंपन्यांतली रिकामी पिंपं विकत घ्यायला लागलो. ज्या दारातून मला आत जायचं होतं त्या दाराशी मी पिंपांचा भाव करत वर्षानुवर्षं उभा राहिलो. आणि तिथेच, एका दुपारी शिफ्ट सुटताना, मला ते जाड बूट पुन्हा दिसले. शेकडो माणसं ते घालून बाहेर पडत होती. ज्याला फायनल खेळायची असते तो मॅनेजर आपल्या पोरांची शिफ्ट बदलून घेतो. मी मॅनेजर होतो, मला माहीत आहे. जनार्दनने त्या दिवशी त्याचे निम्मे खेळाडू कामावरच ठेवले होते. उभं राहायला सात लागतात म्हणून सात आणले, आणि सातवा थेट मशिनीवरून उठवून बुटांसकट आणला. कारण सामना होणारच नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि बुटांचं कळलं नसतं तरी मला हे कळायला हवं होतं, कारण मी काही सांगायच्या आधी त्याने बांधाचं विचारलं होतं. उघाडीवाल्याचा पोरगा पुनव विसरत नाही. सामन्याचा दिवस ठरवणाऱ्यांत, त्या दिवशी आमच्या खाडीला उधाण आहे हे माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

त्याला भीती वाटली असेल हे मी समजू शकतो. साहेबाने त्याच्या देखत मला त्याची खुर्ची दाखवली होती. मी त्याच्या जागी असतो तर मीही काही तरी केलं असतं. म्हणून तारखेबद्दल मी आता भांडत नाही. पेणला मी पुढे बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवला, त्यांतली काही चांगली निघाली, त्यातही माझं समाधान झालं. बाबा गेले, आय गेली. धर्मा मागच्या पावसात गेला. त्याची जमीनही त्याच्या पोरांनी विकली आणि आमचं मिठागर भरावाखाली गेलं. बांध आता कोणी राखत नाही, राखण्यासारखं आत काही उरलं नाही. संध्याकाळी गोदामाचं शटर ओढलं की मी एकटाच असतो आणि रिकामी पिंपं गार होताना टण् करून वाजतात, ते ऐकत बसतो. त्या संघातले आता आम्ही दोघंच जिवंत आहोत, मी आणि जनार्दन.

तर जनार्दन, मी सत्काराला येतोय. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे, ते मी तुझ्यासाठी सोडतो. शाल घे, नारळ घे, फुटबॉल तूच रुजवलास असंही म्हणून घे, मी हरकत घेणार नाही. मी पुढच्या रांगेत बसेन. तू एकच काम करायचं. त्या साहेबाने तुला विचारलं होतं, हे लोक आले का नाहीत. तू त्याला खोटं उत्तर दिलंस, आणि त्या उत्तराखाली धर्मा आणि बाकी सगळे मनावर न घेणारी पोरं होऊन मेले. साहेब आता नसेल, पण माईक असेल आणि माणसं असतील. आपल्या बोलीत सांग नाहीतर शाळेच्या मराठीत सांग. त्या दिवशी ते कुठे उभे होते, ते सांग.